मोटारगाडीतील रेडिओ
मोटारगाडीतील रेडिओ : मोटारगाडीत कायम बसविलेला, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा आणि गाडी वेगात असतानाही प्रक्षेपित कार्यक्रम ऐकवू शकणारा रेडिओ ग्राही. घरगुती ग्राही व मोटारगाडीतील ग्राही यांचे मूलतत्त्व एकच आहे. परंतु घरातील ग्राहीला पुरेसा विद्युत् पुरवठा, मोकळी जागा व स्थैर्य या गोष्टी सहज मिळतात, तर मोटारगाडीत त्या तिन्हींची वानवा असते. शिवाय ठिणगीवर चालणारे एंजिन हे स्वतःच रेडिओ तरंग निर्माण करणारे यंत्र आहे. त्यामुळे या ग्राहीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ज्या गाडीत तो बसविला गेला, त्या गाडीनेच निर्माण केलेल्या अडचणींवर मात करण्याचा इतिहास होय. ग्राहीतील जवळजवळ प्रत्येक विशेष भाग अशा एखाद्या अडचणीवरील उपाय म्हणून आला आहे. यामुळेच बिघाड शोधणाऱ्या कारागिराला हा इतिहास माहीत असणे उपयुक्त ठरते.

प्रारंभीचे प्रयत्न : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० नंतर ध्वनिप्रक्षेपण केंद्रे झपाट्याने वाढली व हौशी लोक घरचे ग्राही गाडीत ठेवून नेऊ लागले. त्या काळच्या इलेक्ट्रॉन नलिकांचे, म्हणजे बोलीभाषेतील व्हॉल्व्हचे, तंतू गाडीच्या ६ व्होल्ट बॅटरीवर तापविता येत. परंतु त्यांच्या पट्टिकांना शंभर वा त्याहून अधिक व्होल्ट एकदिश दाब लागे. त्यासाठी कोरड्या घटांच्या वेगळ्या घटमाला गाडीच्या तळफळीखाली पेटीत ठेवीत. त्या संपल्या की नव्या घालाव्या लागत. एंजिन चालू असताना ठिणग्यांच्या खरखरीमुळे कार्यक्रम ऐकू येत नसे, म्हणून गाडी थांबवून रेडिओ ऐकण्याचीच प्रथा होती. १९२७ मध्ये ‘ट्रान्झिटोन’ नावाचा, मोटारगाडीसाठीच बनविलेला ग्राही विक्रीस आला. १९२८ मध्ये डिट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत ग्राही बसवून त्यांवर एकतर्फी संदेश पाठविण्यास सुरुवात केली. चालत्या गाडीत ग्रहण करणे शक्य आहे, हे यामुळे सिद्ध झाले.

गॅल्व्हिन बंधूंचा ग्राही : पॉल व जोसेफ गॅल्व्हिन यांनी १९२८ मध्ये शिकागो येथे एक कारखाना काढला. घरातील विजेवर बॅटरीचे रेडिओ चालविण्याचे साधन तेथे बनत असे. परंतु थेट घरातील विजेवर चालणारे ग्राही बाजारात आल्यावर या साधनाची मागणी घटली आणि कारखान्याला नवे उत्पादन शोधणे भाग पडले. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्याने तयार केलेला मोटारगाडीचा ग्राही पॉल गॅल्व्हिन यांनी जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथील रेडिओ उत्पादकांच्या संमेलनस्थळी नेला. तेथे त्यांना दालन मिळालेले नसल्याने त्यांनी गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकविला. या ग्राहीला त्यांनी ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे १९४७ मध्ये कंपनीचेही तेच नाव झाले. ग्राहीची किंमत शंभर डॉलरांहून अधिक होती व त्या वेळी फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ गाडी पाचशे डॉलरांच्या आसपास मिळे. यूरोपात १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्ट या चिन्हाखाली पहिला मोटार-रेडिओ निघाला. त्याचे वजन सु. १५ किग्रॅ. होते. तो चालकाच्या हाताशी ठेवणे शक्य नसल्याने सुकाणूच्या दांड्यावर बसविलेल्या नियंत्रकाने दुरून चालवीत.

या सुमारास चालकाचे लक्ष विचलित होऊन अपघात होतील, अशी शंका घेण्यात आली आणि अमेरिकेतील काही ठिकाणी मोटारगाडीतील रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्ताव मांडले गेले. तथापि ग्राहींचा प्रसार त्यामुळे थांबला नाही.

विद्युत् पुरवठा : कोरड्या घटमालांपासून सुटका होण्यासाठी गाडीच्या बॅटरीचा अल्प दाब वाढविणे आवश्यक होते. एकदिश प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढविता येत नाही. त्यासाठी प्रवाह सतत बदलता असावा लागतो. यावर १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘व्हायब्रेटर’ हे साधन रूढ झाले. विद्युत् घंटीप्रमाणे त्यातील लवचिक पाते सेकंदाला सु. ११५ वेळा कंप पावते व बॅटरीचा प्रवाह रोहित्राच्या वेटोळ्याच्या दोन अर्ध्या भागांत आळीपाळीने सोडते. रोहित्राच्या दुसऱ्या बाजूस मिळणाऱ्या उच्च दाबाचे एकदिशीकरण केले म्हणजे नलिकांना लागणारा २०० ते २५० व्होल्ट दाब मिळतो. जुन्या रेडिओतून बारीक गुणगुण ऐकू येई ती याच पात्याची. पात्याचे संपर्कबिंदू कालांतराने जळत किंवा एकमेकांना चिकटत. म्हणून व्हायब्रेटर हा भाग नलिकेप्रमाणे खोबणीत बसविलेला, सहज बदलता येणारा असे. मात्र संपर्कबिंदूंवरील ठिणगी शमविणारे धारित्र, म्हणजे कंडेन्सर, निकामी झाले असेल, तर नवा व्हायब्रेटरही अल्पावधीत जळतो. कार्य बिघडलेला भाग व कारण असलेला भाग निराळे असू शकतात, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

ठिणग्यांचा उपद्रव : चार सिलिंडरांचे चार धावी एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर प्लगांमध्ये सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीसाठी कॉइलमधून हजारो व्होल्ट दाबाचा स्पंद जातो आणि प्लगांच्या तारा अँटेनाप्रमाणे कार्य करून त्याचे रेडिओ तरंग सर्वत्र पसरवितात. या तरंगांत अनेक कंप्रतांचे मिश्रण असल्याने ग्राही कोणत्याही केंद्रावर लावला तरी खरखर येतेच. उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, प्लगांच्या तारांत सु. १०,००० ओहम रोध घालणे. पुढे कार्बनयुक्त रोधी तारा वापरात आल्याने स्वतंत्र रोधकांची गरज कमी झाली. दुसरा, कॉइलच्या बॅटरीकडील अग्राला व जनित्राच्या मुख्य अग्राला सु. अर्धा मायक्रोफॅराड धारित्र जोडून उपद्रवी स्पंद सांगाड्यात वळविणे. जनित्राच्या क्षेत्र-अग्राला मात्र असे धारित्र जोडू नये, कारण त्यामुळे दाब-नियामकाचे संपर्कबिंदू जळतात. तिसरा उपाय म्हणजे ग्राही लोखंडी पेटीत बंदिस्त करणे आणि बॉनेट, एंजिन व सांगाडा हे विणलेल्या रुंद तारांनी एकमेकांना पक्के जोडणे.

अँटेना : कापडी छताच्या गाड्यांत अँटेनाची तार वा जाळी छताच्या अस्तरात लपविलेली असे. १९३५ च्या सुमारास संपूर्ण पोलादी छत रूढ होऊ लागले व छतातील अँटेना निरुपयोगी ठरली. मग ती पायफळीखाली बसवून पाहण्यात आली. परंतु चिखल, पाणी व जमिनीची जवळीक यांमुळे ती समाधानकारक ठरली नाही. शेवटी बोनेटाजवळ उभी असणारी सळईची अँटेना सर्वमान्य झाली. मध्यम तरंगाच्या १,००० किलोहर्ट्‌झ कंप्रतेला तरंगलांबी ३०० मी. असल्याने पाव तरंगलांबीची अँटेना ७५ मी. उंच लागेल, गाडीवरील सळई जेमतेम एक मीटर असते. त्यामुळे मिळणारा संकेत अत्यंत क्षीण असतो आणि जोडणाऱ्या केबलची धारकताही ग्राहीच्या पहिल्या मंडलाचाच भाग बनते. अँटेना किंवा केबल बदलल्यावर ग्राहीवरील ‘अँटेना ट्रिमर’ हा लहान स्क्रू १,४०० किलोहर्ट्‌झच्या आसपासचे क्षीण केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत फिरवावा लागतो तो यामुळेच. याउलट १०० मेगॅहर्ट्‌झच्या एफएम प्रक्षेपणाची पाव तरंगलांबी ७५ सेंमी. म्हणजे सळईएवढीच असल्याने तेथे ही अडचण उद्भवत नाही.

ग्राहीची रचना : एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधून काढलेली सुपरहेटरोडाइन पद्धती मोटारगाडीतील ग्राहीतही वापरतात. येणाऱ्या संकेतात ग्राहीतील दोलकाची कंप्रता मिसळून ठराविक मध्यम कंप्रता मिळवितात, तिचे विवर्धन करतात व नंतर तीमधून ध्वनी वेगळा काढतात. चालत्या गाडीत संकेताची तीव्रता इमारती, पूल व झाडे यांच्यामुळे क्षणोक्षणी बदलते. म्हणून विवर्धन आपोआप कमीजास्त करणारे मंडल येथे अत्यावश्यक ठरते. घरगुती ग्राहीतील फिरत्या पत्र्यांचे धारित्र हादऱ्यांनी थरथरते व धुळीने बिघडते. म्हणून बहुतेक मोटार-रेडिओंत वेटोळ्यांमधील चुंबकी गाभे आतबाहेर सरकवून केंद्र लावण्याची पद्धत स्वीकारली गेली. रस्त्यावरील नजर न हलविता केंद्र बदलता यावे म्हणून दाबकळांची योजना आली. कळ दाबली की हे गाभे यांत्रिक रीतीने आधी ठरविलेल्या जागी जात.

ट्रँझिस्टरचा अवलंब : नलिकांचा ग्राही ६ व्होल्ट बॅटरीतून कित्येक अँपिअर प्रवाह घेई व एंजिन बंद असताना फार वेळ लावल्यास बॅटरी उतरे. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला. त्याला उच्च दाब लागत नसल्याने व्हायब्रेटर, रोहित्र व एकदिशकारक हे तिन्ही भाग अनावश्यक ठरणार होते. क्राइस्लर व फिल्को या कंपन्यांनी एप्रिल १९५५ मध्ये पूर्णतः ट्रँझिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. त्याची किंमत सु. १५० डॉलर होती. मधल्या काळात १२ व्होल्ट दाबावरच चालणाऱ्या खास नलिका व शेवटच्या टप्प्यात एक शक्तिशाली ट्रँझिस्टर असे संमिश्र ग्राहीही निघाले. १९६० नंतरच्या दशकात नलिका मागे पडल्या. ट्रँझिस्टरने एक नवी जोखीम मात्र आणली. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तर इतर गाड्यांत ऋण टोक. व्हायब्रेटरच्या कित्येक ग्राहींना ही दिशा फारशी बाधत नसे. ट्रँझिस्टर मात्र उलट जोडणीने क्षणार्धात नष्ट होतो.

उत्तरकालीन प्रगती : ठिणग्यांचा उपद्रव मुख्यतः संकेताच्या परमप्रसरावर परिणाम करतो. आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये एकस्वे मिळविलेल्या कंप्रता विरूपण म्हणजे एफएम पद्धतीत माहिती कंप्रतेतील बदलांत साठविलेली असल्याने असा उपद्रव बव्हंशी छाटून टाकता येतो. १९५२ मध्ये ब्लाउपुंक्टने मोटारगाडीसाठी एफएम ग्राही आणला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट प्रसृत केली व काही वर्षांतच ती मोटार-रेडिओशी जोडली गेली. १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीत रहदारीच्या सूचना सुरू होताच ग्राहीला तसे कळविणारी पद्धती सुरू झाली. १९८० नंतरच्या दशकात यूरोपात आलेली आरडीएस पद्धती केंद्राचे नाव दाखविते आणि गाडी पुढे जाईल तसा त्याच कार्यक्रमाचा दुसरा, अधिक सबळ प्रक्षेपक आपोआप निवडते. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रक्षेपण थांबवून अंकीय प्रक्षेपण स्वीकारले. त्यामुळे तेथील जुन्या गाड्यांत स्वतंत्र अनुयोजक बसवावे लागले.

भारतातील स्थिती : मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी नियमित ध्वनिप्रक्षेपणास प्रारंभ झाला. रेडिओ बाळगण्यासाठी डाकघरातून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद झाली. ‘विविध भारती’ ची जाहिरात सेवा १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथे सुरू झाली आणि मध्यम तरंगावरील करमणुकीचे कार्यक्रम गाडीतील श्रोत्याला दिवसभर मिळू लागले. अँबॅसडर व मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी या त्या काळच्या प्रमुख गाड्या होत. रेडिओ बहुधा मालकाने नंतर वेगळा बसवून घेतलेला असे. त्यामुळे ठिणग्यांच्या शमनाची व्यवस्था करणे हे बसविणाऱ्या कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून राही. मद्रास येथे १९७७ मध्ये एफएम प्रक्षेपण सुरू झाले. खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून निघाली. एफएमचे तरंग साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने घाटात वा डोंगराआड ते क्षीण होतात. मध्यम तरंग जमिनीच्या वक्रतेला अनुसरून दूरवर जातात, पण बोगद्यात व सलोह काँक्रीटच्या पुलाखाली मंदावतात. ग्राही व देश यांचा मेळ हाही महत्त्वाचा आहे. भारतात मध्यम तरंगाची केंद्रे ९ किलोहर्ट्‌झच्या अंतराने असतात, तर अमेरिकेत १० च्या. अमेरिकेसाठी बनविलेला अंकीय ग्राही येथे केंद्रावर नेमका बसत नाही व ध्वनी विकृत येतो. कित्येक ग्राहींत हे अंतर बदलण्याची सोय असते. जपानसाठी बनविलेल्या जुन्या ग्राहीचा एफएम पट्टा ९० मेगॅहर्ट्‌झलाच संपत असल्याने भारतातील बहुसंख्य एफएम केंद्रे त्यावर लागत नाहीत.

सामान्य बिघाड व त्यांचे निदान : ग्राही उघडण्यापूर्वी बाहेरील भाग तपासावेत, कारण बहुतेक दोष जोडण्यांत असतात.

(१) ग्राही मुळीच चालत नसल्यास प्रथम फ्यूज पहावा. नवा फ्यूजही जळत असेल, तर तारेत वा ग्राहीत संक्षेपित जोडणी आहे असे समजावे. अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तार घालू नये, त्यामुळे आग लागू शकते.

(२) खरखर येत असल्यास एंजिन बंद करून ग्राही ऐकावा. खरखर थांबली, तर तिचा उगम गाडीत आहे. मग एंजिन चालू ठेवून अँटेनाची केबल ग्राहीतून काढावी. खरखर नाहीशी झाली, तर ती अँटेनामार्गे येत होती. म्हणून प्लगांच्या तारा, बॉनेटची जोडणी व अँटेनाचे भूयोजन तपासावे. ती तशीच राहिली, तर ती पुरवठ्याच्या तारेतून येते. तेथे वेटोळे व धारित्र यांचा छानक बसवावा. एंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक ठिणग्यांची, तर वेगाबरोबर चढत जाणारी शीळ प्रत्यावर्ती जनित्राची असते. एंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली असतानाही खरखर राहिली, तर चाकांवर साठणारा स्थिर विद्युत् भार हे कारण संभवते.

(३) केंद्रे क्षीण येत असल्यास अँटेनाची सळई व बाहेरचे कवच यांमधील रोध ओहममापकाने पहावा; तो अतिशय मोठा असला पाहिजे, आणि कवच व सांगाडा यांमधील रोध जवळजवळ शून्य. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेत पावसाळ्यानंतर अँटेनाच्या बुडाशी पाणी व गंज साठून हे दोन्ही बिघडतात.

(४) हादरा बसल्यावर आवाज तुटत असल्यास सैल जोडणी वा तडकलेला डाख शोधावा.

(५) प्रत्येक वेळी किल्ली काढल्यावर केंद्रांची स्मृती पुसली जात असल्यास अखंड पुरवठ्याची व किल्लीमार्गे येणारी अशा दोन तारांची अदलाबदल झालेली असते.

(६) जुन्या ग्राहीत ध्वनिक्षेपकाचे एक टोक सांगाड्याला जोडीत. आधुनिक ग्राहींच्या विवर्धकांत दोन्ही टोके विद्युत् दृष्ट्या जिवंत असतात. त्यांपैकी एक सांगाड्याला लागल्यास विवर्धक बंद पडतो किंवा जळतो. जुन्या गाडीत नवा रेडिओ बसविताना होणारी ही नेहमीची चूक आहे.

(७) २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा रेडिओ चालविल्यास ती बॅटरी कायम अर्धवट भारित राहते व लवकर खराब होते. दाब उतरविणारे साधन वापरणे हाच योग्य उपाय होय.

विद्युत् मोटारी व मध्यम तरंग : विद्युत् मोटारगाडीत प्लग नसतात, तरी उपद्रव संपलेला नाही. बॅटरीचा एकदिश प्रवाह मोटरला देण्यासाठी तो सेकंदाला हजारो वेळा खंडित करावा लागतो व त्यापासून निघणाऱ्या उच्च कंप्रता मध्यम तरंगाच्या पट्ट्यात येतात. व्हायब्रेटरच्या पात्याचेच कार्य येथे कित्येक पट मोठ्या शक्तीने घडते. हे कारण देऊन काही उत्पादकांनी विद्युत् मोटारींतील मध्यम तरंगाचा ग्राहीच काढून टाकला. अमेरिकेत याला विरोध झाला. आपत्तीच्या वेळी वीज, दूरध्वनी व इंटरनेट बंद पडले तरी दूरच्या एका प्रक्षेपकावरून शेकडो किलोमीटरच्या प्रदेशास सूचना देता येते, असा त्यामागील युक्तिवाद होता. मे २०२३ मध्ये तेथील काँग्रेसमध्ये प्रत्येक वाहनात हा ग्राही सक्तीचा करणारे विधेयक मांडले गेले आणि फोर्ड कंपनीने तो काढण्याचा आपला निर्णय मागे घेतला. भारतातही आकाशवाणीने मध्यम तरंगावर डीआरएम या अंकीय पद्धतीची प्रक्षेपणे सुरू केली असून काही गाड्यांत तिचे ग्राही कारखान्यातूनच बसविलेले असतात.

पेट्रोल एंजिनाच्या उपद्रवावर धारित्रे, रोधी तारा, आवरणे व भूयोजन यांनी १९३० नंतरच्या दशकात जी मात केली, तीच तत्त्वे विद्युत् मोटारीलाही लागू पडतात. आवरणयुक्त केबली, छानके व अँटेनाची योग्य जागा यांनी हा उपद्रव सुसह्य पातळीवर आणता येतो. मात्र त्यासाठी खर्च व वजन वाढते. तेव्हा मध्यम तरंगाचा ग्राही गाडीत ठेवावा की काढावा, हा प्रश्न तांत्रिक अशक्यतेचा नसून खर्च कोणी सोसावा याचा आहे. चक्रीवादळाच्या वेळी किनाऱ्यावरील गावात वीज गेल्यावर चालू राहणारा ग्राही पुष्कळदा गाडीतीलच असतो, ही गोष्ट तो निर्णय घेताना विचारात घ्यावी लागते.